दिवसाला दोन विमानं

जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक द्वीपकल्प समुद्रात शिरलेलं दिसतं, टोकाशी पूर्वेकडे वळलेलं. ते नोतो. इशिकावा प्रांताचा उत्तरेकडचा भाग. लाकडी कौलारू घरं, समुद्रापर्यंत उतरत गेलेली भातखाचरं, वाजिमाची लाखकामाची भांडी आणि उन्हाळ्यातल्या जत्रांत खांद्यावर मिरवणारे उंच कंदील, ही त्याची ओळख. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ साली इथल्या डोंगर-शेती-समुद्राच्या जगण्याला जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. जपानला मिळालेल्या अशा पहिल्या दोन मान्यतांपैकी ही एक.

या द्वीपकल्पाच्या पोटात, वाजिमा, अनामिझु आणि नोतो या तिघांच्या हद्दी जवळ येतात तिथे, डोंगरांचे माथे कापून आणि मधल्या घळी भरून २,००० मीटरची धावपट्टी केलेली आहे. समुद्रसपाटीपासून उंची साधारण २२० मीटर. ७ जुलै २००३ रोजी, तानाबाता सणाच्या दिवशी, ती उघडली. नोतो सातोयामा विमानतळ हे तिचं लाडकं नाव. नियमित विमानसेवा एकच, तोक्योच्या हानेदाहून. दिवसाला दोन विमानं येतात आणि दोन जातात.

एवढ्यासाठी विमानतळ कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि तो चुकीचा नव्हता. इशिकावा प्रांताला दक्षिणेत कोमात्सुचा विमानतळ होताच. नोतोच्या उत्तर टोकाची वस्ती लाखाच्या आत, तीही घटणारी आणि म्हातारी होत चाललेली. जपानभर असे विमानतळ बांधून झाले होते, जिथे इमारत चकचकीत आणि वेळापत्रकाचा फलक जवळजवळ कोरा. पण नकाशा नीट पाहिला की दुसरी बाजू दिसते. तोक्योहून वाजिमाला जायचं तर आधी कानाझावा गाठायचं आणि तिथून बसने दोन तासांहून जास्त वेळ उत्तरेकडे जायचं. शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन कानाझावापर्यंत आली ती २०१५ च्या मार्चमध्ये. त्याआधी तर अख्खा दिवस प्रवासात जाई. रेल्वे उलट मागे सरकत होती. अनामिझु ते वाजिमा हा फाटा २००१ साली बंद झाला, आणि अनामिझुहून पूर्व किनाऱ्याने टोकाकडे जाणारा दुसरा फाटा २००५ साली. विमानाने मात्र हानेदाहून एक तास आणि पुढे गाडीने अर्धा तास, की माणूस वाजिमाच्या बाजारात.

नोतोची खरी गोष्ट धावपट्टीची नसून एका कराराची आहे. ऑल निप्पॉन एअरवेज ही कंपनी सुरुवातीला दिवसाला एकच फेरी करायला राजी होती. स्थानिकांना दोन हव्या होत्या, आणि त्यात हट्ट नव्हता. एकच फेरी असली तर येणाऱ्याला मुक्काम सक्तीचा होतो. कामासाठी येणारा माणूस सकाळी उतरून संध्याकाळी परत जाऊ शकत नाही, आणि एखादं विमान धुक्याने रद्द झालं तर त्या दिवसापुरता विमानतळच बंद पडल्यासारखा. मग लोक दुसरी वाट शोधतात, सवय मोडते, आणि उरलेली एक फेरीही रिकामी जाऊ लागते. दोन फेऱ्या हा किमान आकडा आहे. त्याखाली विमानसेवेचा भरवसा उरत नाही.

तेव्हाचे राज्यपाल तानिमोतो मासानोरी यांच्या प्रशासनाने कंपनीपुढे प्रस्ताव ठेवला: आसनं भरण्याची हमी आम्ही देतो. पहिल्या वर्षासाठी आसनांच्या भरण्याचं लक्ष्य ७० टक्के ठरलं. भरणा त्याखाली गेला तर प्रांत आणि स्थानिक नगरपालिका मिळून कंपनीचं नुकसान भरून देणार, कमाल २० कोटी येनपर्यंत. ७० च्या वर गेला तर मात्र कंपनीने स्थानिकांना पैसे द्यायचे, प्रचाराच्या सहकार्यापोटी. जपानात असा करार पहिल्यांदाच होत होता.

७० टक्के म्हणजे किती, ते मांडून पाहू. १६६ आसनांचं विमान धरलं तर दोन येणारी आणि दोन जाणारी मिळून दिवसाला ६६४ आसनं. त्यातली ४६५ भरायची. म्हणजे प्रत्येक विमानात सरासरी ११६ माणसं, आणि तीही मंगळवारी, पावसात, जानेवारीच्या हिमवृष्टीत, सणासुदीचे दिवस सरल्यावर. ऑगस्टमध्ये ओबोनला, म्हणजे पूर्वजांच्या सणाला, घरी येणारे आणि शरदात पानांचे रंग पाहायला येणारे विमानं भरून टाकतातच. सरासरी बुडवतो तो हिवाळा. म्हणून सगळी मेहनत त्या चार महिन्यांवर करावी लागली.

पहिल्या वर्षाचा भरणा आला ७९.५ टक्के. कंपनीकडून साडेनऊ कोटी येनहून जास्त रक्कम स्थानिकांकडे आली. मला या व्यवहारातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती रक्कम वाटत नाही. करार दुहेरी असल्यामुळे पैसे जाण्याची भीती आणि पैसे येण्याची आशा, दोन्ही एकाच वेळी गावाच्या अंगाला लागल्या, हे मोलाचं. नगरपालिकांनी रहिवाशांना तिकिटात सवलत दिली. सरायांच्या मालकांनी, सहकारी संस्थांनी तोक्योत जाऊन सहली विकल्या. तोक्योत स्थायिक झालेल्या नोतोकरांना गावाकडे विमानानेच या म्हणून सांगितलं गेलं. मंडळाची वार्षिक सहल, शाळेची सहल, लग्नाचं वऱ्हाड, सगळ्यांचा हिशेब आसनांत होऊ लागला. पुढच्या वर्षांत नवलाई ओसरली तसं लक्ष्य साठीच्या घरात आणलं, आणि कोणीच कोणाला काही द्यायचं नाही असा मधला पट्टाही ठेवला गेला. हे शहाणपणाचं होतं. दरवर्षी चढतं लक्ष्य ठेवलं असतं तर माणसं दमली असती.

आपल्याकडच्या उडान या केंद्र सरकारच्या विमानसेवा योजनेशी ताडून पाहिलं तर फरक लगेच कळतो. उडानमध्ये कंपनीला तुटीपोटी निधी मिळतो, ठरावीक मार्गावर, तीन वर्षांसाठी. पैसा वरून येतो आणि मुदतीने थांबतो. ज्या तालुक्यात विमान उतरतं त्या तालुक्याने आसनं भरण्याची जबाबदारी घेतलेली नसते, आणि भरली तर त्याच्या हाती काही लागतही नाही. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. कोकणाचा किनारा नोतोच्या किनाऱ्याला सौंदर्यात हार जाणारा नाही, आणि मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांची संख्या तोक्योतल्या नोतोकरांच्या कितीतरी पट. तरीही तिथली मुंबईची सेवा मुदतीच्या सुमाराला अडखळली. गणपतीला आणि मे महिन्यात भरणारी विमानं जुलैत आणि फेब्रुवारीत कोण भरणार, याचा करार तिथे कोणाशीच झालेला नव्हता. नोतोचा नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही, नगरपालिकांच्या तिजोऱ्या वेगळ्या आहेत. पण पंचतारांकित हॉटेलवाल्यापासून होमस्टेवाल्यापर्यंत सगळ्यांना भरण्याचा आकडा तोंडपाठ असावा, एवढं तरी घेण्यासारखं आहे.

नोतोत दुसरा विचार झाला तो इमारतीचा. दिवसातून दोनदा तासभर जागी होणारी आणि बाकी वेळ झोपलेली इमारत परवडत नाही. म्हणून खाली विमानतळ आणि चौथ्या मजल्यावर प्रांताची उत्तर नोतोतली सरकारी कार्यालयं, अशी मांडणी केली. जमिनीच्या कामाला, बांधकामाच्या परवान्याला, शेतीच्या अर्जाला आलेला माणूस त्याच दारातून आत शिरतो. शेजारीच विमान दुरुस्तीचं शिक्षण देणारी निवासी शाळा, नोतो परिसरातली जपान एव्हिएशन अकॅडमी. शिवाय या जागेला मिची-नो-एकी, म्हणजे महामार्गावरच्या प्रवाशांसाठी स्वच्छतागृह, माहिती, खाणं आणि स्थानिक माल विकणारं सरकारमान्य थांबाघर, हाही दर्जा आहे. विमानतळाला असा दर्जा मिळण्याचं हे जपानमधलं पहिलं उदाहरण. त्यामुळे ज्याला विमानाशी काही घेणंदेणं नाही असा ट्रकवालाही तिथे उतरतो, नूडल्स खातो, वाळवलेली मासळी आणि मीठ घेऊन जातो. सरकारी नोकर, विद्यार्थी, ट्रकवाले, प्रवासी अशी सगळी मिळून उपाहारगृह चालण्याइतकी माणसं होतात. नुसत्या प्रवाशांवर ते कधीच चाललं नसतं.

इमारतीबाहेर पडल्यावरचं कोडं मात्र सगळ्याच छोट्या विमानतळांना सुटत नाही. विमान तासात आणतं, पण पुढे काय? रेल्वे नाही. नियमित बसला पुरेशी माणसं नाहीत. साधी टॅक्सी केली तर द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेल्या सुझुपर्यंतचं भाडं विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करायला लागतं. नोतोने यावर फुरुसातो टॅक्सी काढली. मोठी गाडी, भाडं प्रत्येक माणसामागे आणि विभागानुसार ठरलेलं, आगाऊ नोंदणी केली की विमानाच्या वेळेला हजर, आणि वाटेतल्या सरायांच्या दारात एकेकाला सोडत जाते. एकटा प्रवासी असला तरी येते. यात चुकतं ते बहुधा नोंदणीचं: आदल्या दिवशीपर्यंत सांगावं लागतं, आणि परतीची नोंदणी वेगळी करायची असते. जाताना केली म्हणून येताना आपोआप होत नाही.

आता वेळापत्रकाकडे पाहा, कारण छोट्या विमानतळाचं सगळं मर्म त्यात असतं. दोन्ही विमानं हानेदाहून निघतात. पहिलं सकाळी दहाच्या सुमाराला उतरतं, पाऊण तासात परत जातं. दुसरं दुपारी चारच्या आसपास. रात्री नोतोत विमान राहत नाही. विमान मुक्कामी ठेवायचं तर कर्मचाऱ्यांचा मुक्काम, देखभालीची माणसं, हिवाळ्यात रात्रभर बर्फाची काळजी, हे सगळं आलं. याचा परिणाम असा की तोक्योच्या माणसाला नोतोत सहा तास मिळतात आणि तो त्याच दिवशी घरी पोचतो. नोतोचा माणूस तोक्योत दुपारी बाराला पोचतो आणि परतीचं शेवटचं विमान तीनच्या सुमाराला सुटतं. विद्यापीठाच्या रुग्णालयात दाखवायला गेलेली आजी एका दिवसात परत येऊ शकत नाही. दोन फेऱ्या मिळाल्या तरी एका दिवसात परतण्याचा फायदा राजधानीच्याच बाजूला राहिला, ही या व्यवस्थेतली खरी उणीव आहे, आणि भरण्याच्या आकड्यात ती कधी दिसत नाही.

डोंगरमाथ्यावर धावपट्टी बांधण्याचा फायदा म्हणजे आसपास अडथळे कमी, विमानाच्या आवाजाचा त्रास कमी, आणि सुपीक सपाट शेती वाचते. किंमत हवामानात मोजावी लागते. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला टेकून वर चढते आणि ढग नेमका माथ्यावर बसतो. खाली वाजिमात लख्ख उजेड आणि वर धावपट्टी दिसत नाही, असं होतं. अशा वेळी हानेदाला फलकावर सूचना लागते की हे विमान सशर्त निघत आहे: उतरता आलं नाही तर कोमात्सुला उतरेल किंवा परत हानेदाला येईल. ही सूचना वाचून न घाबरता दोन गोष्टी कराव्यात. कोमात्सुहून पुढे कसं जायचं ते आधीच पाहून ठेवावं, आणि फुरुसातो टॅक्सीला फोन करावा.

डिसेंबर ते फेब्रुवारी गोष्ट आणखी अवघड. सैबेरियाहून आलेला कोरडा थंड वारा जपानच्या समुद्रावर ओलावा पितो आणि किनाऱ्याला लागताच ओतून टाकतो. इथलं बर्फ ओलं आणि जड. जगात फार थोड्या ठिकाणी होतो तसा हिवाळ्यातला गडगडाट इथे होतो, आणि कोळी त्याला बुरी माशाच्या हंगामाची वर्दी मानतात. वैमानिकाला मात्र त्या विजेचं भय असतं. ४५ मीटर रुंद आणि २,००० मीटर लांब धावपट्टी म्हणजे ९०,००० चौरस मीटर. नांगर लावलेल्या गाड्या तिरक्या रांगेत, एकीने लोटलेलं बर्फ पुढचीने उचलत, मधून कडेकडे नेतात. मागून ब्रशची गाडी उरलेला चिखलबर्फ खरवडते. मग घर्षण मोजणारी गाडी एकदा पळवून आकडे घेतले जातात, आणि ते वैमानिकाला कळवल्यावरच उतरायची परवानगी. एवढं होईपर्यंत पुन्हा बर्फ सुरू झालं, तर पहिल्यापासून. शिवाय जमिनीवर उभ्या विमानाच्या पंखांवर बर्फ वितळवणारं द्रव फवारलं की त्याचा असर मोजक्या मिनिटांचा असतो. तेवढ्यात उडाला नाहीत तर फवारणीही पुन्हा. मोठ्या विमानतळावर हे काम शेकडो विमानांसाठी होतं. इथे तीच सगळी यंत्रं, तीच सगळी माणसं, चार उड्डाण-उतरणीसाठी. म्हणूनच प्रवाशामागे खर्चाचा हिशेब काढणाऱ्याला नोतो कधीच परवडणारा दिसणार नाही.

१ जानेवारी २०२४, दुपारी ४ वाजून १० मिनिटं. ७.६ तीव्रतेचा भूकंप. वाजिमा आणि शिका इथे हादऱ्यांची नोंद जपानी मापनातल्या सर्वांत वरच्या, ‘७’ या पायरीवर गेली. नववर्षाचा दिवस, घरी आलेली माणसं, आणि दुपारच्या विमानाची वेळ. इमारतीत प्रवासी, कर्मचारी आणि नंतर आसऱ्याला आलेले असे सुमारे ५०० जण अडकले. काचा फुटल्या, छताचे तुकडे पडले. पडझडीच्या भीतीने आणि थंडीने बऱ्याच जणांनी रात्र बसमध्ये आणि भाड्याच्या मोटारींत काढली. भाड्याच्या मोटारींचा तळ शेजारी असणं असंही उपयोगी पडतं, हे कोणत्याच आराखड्यात लिहिलेलं नव्हतं.

धावपट्टीला तडे गेले, चार-पाच ठिकाणी १० सेंटिमीटरहून खोल. २००७ च्या मार्चमधल्या ६.९ च्या भूकंपातही तडे गेले होते, पण तेव्हा विमानं दुसऱ्या दिवशी सुरू झाली. या वेळी इजा फार मोठी होती. कापलेल्या डोंगरावरची धावपट्टी खडकावर बसलेली असते, भरावावरची मातीवर. हादऱ्यात भराव खचतो, खडक खचत नाही, आणि दोहोंच्या सांध्यावर पायरी पडते. डोंगरावरच्या प्रत्येक विमानतळाचं हे दुखणं आहे. भराव कितीही थरांनी दाबून घातला तरी सांधा हा सांधाच राहतो.

आणि इथेच त्या विमानतळाची किंमत कळली. द्वीपकल्पात जाणारे रस्ते दरडींनी आणि खचलेल्या भरावांनी तुटले होते. समुद्रमार्गे जावं तर वाजिमाच्या पश्चिमेचा किनारा जागोजागी उचलला गेला होता, काही ठिकाणी चार मीटरपर्यंत. बंदरांचे तळ उघडे पडले आणि बोटी कोरड्यावर टेकल्या. आकाश उरलं. डोंगरमाथ्यावरच्या त्या पट्टीवर आधी हेलिकॉप्टर उतरू लागली. प्रांताच्या मालकीचा विमानतळ असूनही दुरुस्ती केंद्र सरकारने हाती घेतली, तडे भरले, आणि जानेवारीच्या मध्याच्या आसपास स्वसंरक्षण दलाची मालवाहू विमानं उतरू लागली. मदतीची ही साखळी किती ताणलेली होती ते २ जानेवारीला हानेदात दिसलं. भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं तटरक्षक दलाचं विमान प्रवासी विमानाशी धडकलं आणि त्यातले पाच जण गेले. त्यांची आठवण नोतोच्या कोणत्याही वर्णनात यायलाच हवी.

२७ जानेवारीला प्रवासी विमान परत आलं, आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला एक फेरी. वसंतात ती रोज झाली, आणि दुसरी फेरी २०२४ च्या डिसेंबरात परतली. मधल्या काळात विमानतळाच्या आवारात मदतीला आलेल्यांसाठी तात्पुरत्या खोल्या उभ्या राहिल्या, आणि ज्यांची दुकानं गेली अशा खानावळवाल्यांसाठी तात्पुरती रांगही. विमान दुरुस्तीच्या शाळेची मुलं आधी यामानाशीला आणि मग तोक्यो महानगरातल्या ओमेला हलवली गेली. सप्टेंबरात अतिवृष्टी झाली आणि भूकंपातून सावरणाऱ्या वाजिमा-सुझुत तात्पुरती घरंही पाण्यात गेली. वाजिमातल्या शिरोयोनेच्या, समुद्राकडे उतरणाऱ्या १,००४ भातखाचरांपैकी भूकंपानंतरच्या हंगामात सुमारे १२० खाचरांतच लावणी होऊ शकली.

आता विमानात बसणारा माणूसही बदलला आहे. पूर्वी सहलीला आलेली मंडळी असत. भूकंपानंतर अभियंते, विमा तपासनीस, स्वयंसेवक, डॉक्टर, आणि घर पाडण्याच्या कागदावर सही करायला तोक्योहून आलेली मुलं-मुली. भरण्याच्या टक्केवारीत हे सगळे सारखेच मोजले जातात.

तुम्ही जाणार असाल तर मे, जून किंवा ऑक्टोबर निवडा. विमानाचं तिकीट काढाल त्याच दिवशी सरायही ठरवा, कारण उघडलेल्या सरायांतल्या खोल्या बांधकामाच्या माणसांनी धरलेल्या असतात. भाड्याची मोटार घेतलीत तर नेव्हिगेशनवर पूर्ण विसंबू नका, दुरुस्तीसाठी बंद असलेले रस्ते प्रांताच्या संकेतस्थळावर पाहा आणि अंधाराआधी मुक्कामी पोचा. डिसेंबरपासून मार्चपर्यंत हिवाळी टायर लावलेलीच गाडी मागा. येन रोख ठेवा, छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. परतीच्या दिवशी विमानतळावर तासभर आधी या आणि खालच्या दुकानात मीठ, वाळवलेली मासळी, लाखेच्या चॉपस्टिक्स, जे लागेल ते तिथेच घ्या. तो माल आसपासच्या गावांतून येतो, आणि बनवणाऱ्यांतल्या कित्येकांना विकायला अजून दुसरी जागा नाही.